मिस्टरांची बस मागे जात नसे

मिस्टर बसमध्ये बसले की बस मागे घ्यायची नाही, हा आमच्या क्लबचा पहिला नियम होता. ऑफसाइडचा नियम एखाद्याला कळला नाही तरी चालायचं, पण हा कळायलाच हवा. मॅचला निघालेली बस, आत खेळाडू असताना, वीतभरही उलटी जाता कामा नये. गेली तर मॅच गेली. रस्ता चुकून एखाद्या बंद गल्लीत शिरलो तर सगळ्यांनी खाली उतरायचं, ड्रायव्हरने मोकळी बस मागे घेऊन वळवायची आणि मग सगळ्यांनी परत चढायचं. "आमच्या रोमेनियात सगळे असंच करतात," मिस्टर सांगायचे. सगळे म्हणजे कोण, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "जिंकणारे." मी म्हटलं, "आणि हरणारे?" "तेही. पण त्यांच्या ड्रायव्हरने कधीतरी चोरून मागे घेतलेली असते."

आमच्या क्लबचा ड्रायव्हर मीच होतो, म्हणून हे आधी सांगितलं. माझं आणि मिस्टरांचं जे बिनसलं ते या बसपाशी बिनसलं, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल हा पेठेच्या अब्रूचा प्रश्न असतो. तालमीच्या संघातून खेळलो, त्यात शिक्षण मागे पडलं. वडील गूळ बाजारात तोलणार म्हणून काम करायचे. सौद्यात समोरचा माणूस कुठे थांबणार आहे हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं, ही एकच विद्या मी घरून घेऊन निघालो. ऑस्ट्रेलियात, क्लेटनला उतरलो ते कुकरी शिकायला. हसू नका. त्या वर्षांत अर्धा महाराष्ट्र आणि आख्खा पंजाब तिकडे स्वयंपाक शिकायला येत होता. स्वयंपाक कोणालाच करायचा नव्हता, सगळ्यांना पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, हवा होता. एका घरात आम्ही इतके जण राहायचो, की शिफ्टवरून कोण आलं आणि शिफ्टला कोण चाललंय हे बुटांवरून ओळखावं लागे. घरातला मंदार हा पुण्याचा, युनिव्हर्सिटीत खरोखरचं शिकणारा एकमेव प्राणी. तो गोलकीपर होता. त्यानेच मला क्लबवर नेलं.

"कोच रोमेनियन आहे," तो म्हणाला. "विचित्र आहे, पण माणूस खरा आहे. त्याला कोच म्हणू नकोस. मिस्टर म्हण."

रोमेनियात प्रशिक्षकाला मिस्टरच म्हणतात म्हणे. आडनाव 'एस्कू'ने संपायचं, आधीचं कोणालाच नीट येत नसे. मी घरी फोनवर मिस्टरांच्या गोष्टी सांगू लागलो तेव्हा आई म्हणाली, "मिस्टर, मिस्टर काय लावलंयस? कुणाचे मिस्टर?" तिला समजावता समजावता माझं फोनकार्ड संपलं.

उंच, वाकड्या डाव्या पायाचा माणूस. आठवडाभर लोकांच्या बाथरूममध्ये टाइल्स बसवायचे आणि संध्याकाळी आमच्या मैदानावर यायचे. मॅच चालू असताना ते बेंचवर कधी बसले नाहीत. रेषेजवळ उभे राहून सूर्यफुलाच्या बिया फोडायचे, आणि त्यांच्या बुटांभोवती टरफलांचा जो ढीग साचे त्यावरून आमचं कसं चाललंय हे बघणाऱ्यांना कळे. ऐन डिसेंबरच्या उन्हातही ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली. आतल्या खिशात त्यांचा पासपोर्ट असायचा. प्रॅक्टिसला पासपोर्ट! बोलता बोलता ते छातीवर हात ठेवून तो जागेवर आहे ना हे बघत. नवीन पोरांना वाटायचं, म्हाताऱ्याला हृदयाचं काहीतरी आहे.

आमचं इंग्रजी त्यांना कळायचं, त्यांचं आम्हाला कळायचं, आणि ऑस्ट्रेलियन पंचांना दोघांचंही कळायचं नाही. त्यांची वाक्यं मात्र मला अजून पाठ आहेत. ते स्वतः डावीकडचे बॅक होते, म्हणून बॅकवर त्यांचा विशेष जीव. "चांगला बॅक मैदानात दिसत नाही," ते म्हणत. "दिसला, म्हणजे त्याला उशीर झालेला असतो." आम्हा फॉरवर्ड लोकांबद्दल मत बरं नव्हतं. "फॉरवर्ड म्हणजे पाहुणा. येतो, जेवतो, फोटो काढून जातो. भांडी बॅक घासतो."

मला ते मर्चंट म्हणायचे. त्याचं कारण असं, की क्लबला गोलच्या जाळ्या घ्यायच्या होत्या आणि दुकानदार हटत नव्हता. मिस्टर मला घेऊन गेले. "तू बोल. मी गप्प उभा राहतो." मी बोललो. हळूहळू माझा आवाज चढला, कारण तो माणूस मला सारखं 'मेट' म्हणत होता आणि भाव मात्र परक्याचा लावत होता. मध्येच मिस्टरांनी मला दाराबाहेर घेतलं. म्हणाले, "तू चांगला भांडतोस. पण राग आला की तुझा उजवा हात मागे जातो. तू शब्द शोधतोयस आणि हात दगड शोधतोय, असं दिसतं. समोरच्याला ते आधी दिसतं. हात खिशात ठेव आणि परत जा."

हात खिशात ठेवून परत गेलो, आणि भाव उतरला. आजही मी कुठे घासाघीस करायला बसलो की उजवा हात खिशात असतो. बायको म्हणते, केवढा रुबाब! तिला काय माहीत.

मला या माणसाचं कुतूहल वाटायला लागलं ते तिथून. ज्याला माझा हात दिसला, त्याने स्वतःचं काय लपवलंय? माणसाचा भाव मला चहा संपायच्या आत कळतो. मिस्टरांचा कळेना. ते स्वतःच्या खेळाबद्दल बोलत नसत. कोळशाच्या खाणींच्या एका दरीतला त्यांचा क्लब, रविवारी खाणीतून थेट मैदानावर येणारे काळ्या तोंडाचे प्रेक्षक, एवढंच सांगत. मग मंदारने युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये बसून कुठलंतरी रोमेनियन संकेतस्थळ खणून काढलं. जुना संघ, जुने निकाल. एका फोटोत मिस्टर होते, डोक्यावर एवढे केस!

"हे बघ, गंमत आहे," मंदार म्हणाला. "हा माणूस सगळा सीझन खेळलाय. टीम युरोपातल्या एका मोठ्या स्पर्धेत गेली. घरच्या मैदानावरच्या मॅचमध्ये याचं नाव आहे, परदेशातल्या मॅचमध्ये नाही. पुढेही तसंच. देशात खेळतो, बाहेर नाही."

"पाय दुखावला असेल."

"फक्त विमानात दुखतो का रे पाय?"

मी दुसऱ्या दिवशी सरळ विचारलं. मिस्टरांनी टरफल थुंकलं. "मी घरी होतो. मॅच टीव्हीवर पाहिली. तिकडे ऊन छान होतं." आणि मैदानात प्रॅक्टिसचे प्लॅस्टिकचे कोन लावायला निघून गेले. चेहऱ्यावर काही नाही. आमच्या बाजारात असते तर भल्याभल्या अडत्यांना विकून खाल्लं असतं.

बसच्या नियमाने मला किती छळलं, याचा एक प्रसंग सांगतो. मिनीबस मी भाड्याने ठरवायचो, चालवायचोही मीच. एकदा पूर्वेकडच्या उपनगरात मी चुकून अशा गल्लीत शिरलो, जी एका गोलात संपते आणि त्या गोलात कोणीतरी बोट लावलेला ट्रेलर उभा करून ठेवलेला. वळायला जागा नाही.

"उतरा," मिस्टर म्हणाले.

"मिस्टर, दोन मीटर मागे घेतो फक्त."

"मर्चंट, मी घासाघीस करत नाही. उतरा."

सगळा संघ, पिवळी जर्सी आणि गुडघ्यापर्यंत मोजे, एका म्हाताऱ्या बाईंच्या हिरवळीच्या कडेला रांगेत उभा राहिला. बाई झाडांना पाणी घालत होत्या. त्यांनी पाइप बाजूला धरून विचारलं, "तुम्ही रस्ता चुकलात का, लव्ह?" मिस्टरांनी टोपी काढून वाकून उत्तर दिलं, "नाही मॅडम. आम्ही काळजी घेतोय." मी मोकळी बस मागे घेत होतो, ती पीं-पीं करत होती आणि मी कोल्हापुरीत जे बोलत होतो ते सुदैवाने फक्त मंदारला कळत होतं. तो हसून हसून खाली बसला. त्या दिवशी आम्ही जिंकलो, हे माझं आणखी एक दुर्दैव.

मग तो सीझन आला. आम्ही डिव्हिजनच्या तळाला होतो. शेवटची मॅच जिंकली तर टिकणार, नाहीतर खाली जाणार. खाली जाणं क्लबला परवडलं असतं, मिस्टरांना नाही. एका मोठ्या क्लबने त्यांना कबूल केलं होतं, की एवढी कच्ची टीम या डिव्हिजनमध्ये टिकवून दाखवा, मग आमच्या राखीव संघाचे मॅनेजर तुम्ही. पगारी नोकरी. टाइल्स बंद. गुडघ्यावर बसून बसून त्यांचे गुडघे गेले होते आणि वय असं होतं, की पुन्हा कोणी विचारणार नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं. मिस्टर एरवी कोणापुढे मनातलं बोलत नसत, पण त्या आठवड्यात मला म्हणाले होते, "मर्चंट, एकदा मला फक्त मॅनेजर व्हायचंय. सकाळी उठायचं आणि फुटबॉलचाच विचार करायचा. बाकी काही नाही."

माझंही त्याच वेळी एक घोडं अडलेलं होतं. पीआरची फाईल आत गेली होती. घरात आम्ही दबक्या आवाजात जगत होतो. आमची पोरं रात्रीच्या ट्रेनमध्ये मार खात होती ते दिवस, आणि तरीही सगळे एकमेकांना सांगायचे, काही झालं तरी उलटा हात उचलू नका, पोलिसात नाव गेलं तर फाईल गेली.

शेवटची मॅच पश्चिमेला, टार्निटच्या बाजूला होती. आता तिथे घरांशिवाय काही दिसत नाही, तेव्हा माळ होता आणि नवे रस्ते अर्धे खोदून ठेवलेले. नकाशात होता तो रस्ता पुढे मातीच्या ढिगाऱ्याने बंद होता. रिपरिप पाऊस, बाहेर घोट्याएवढा चिखल, आणि वेळेवर नाही पोचलो तर मॅच समोरच्या संघाला बहाल होणार.

"उतरा," मागून मिस्टरांचा आवाज आला.

मी आरशात पाहिलं. पोरं उठायला लागली होती. या चिखलात उतरणार, बूट भरणार, परत चढणार, कशासाठी? माझं डोकं फिरलं. मी गिअर टाकला आणि सगळ्यांना घेऊन बस मागे घेतली. चांगली लांब घेतली. पीं-पीं सोडून दुसरा आवाज नव्हता.

"भावा," मंदार हळूच म्हणाला, "गेली रे मॅच."

"गप ए. बूट बांध."

मिस्टरांनी डोळे मिटले होते, आणि हात छातीवरच्या खिशावर.

मॅचबद्दल थोडक्यात सांगतो, कारण अजून सांगताना माझा आवाज चढतो. त्यांनी एक गोल केला, मी तो फेडला. हाफटाइमनंतर चेंडू माझ्या पायाला चिकटून चालत होता. कोल्हापूर सोडल्यापासून मी तसा खेळलो नव्हतो. त्यांचा स्टॉपर, म्हणजे मधला बॅक, एक धिप्पाड गडी होता, तो पहिल्यापासून माझ्या कानाशी लागलेला. आधी टॅक्सीवरून बोलला, मग अंगाच्या वासावरून, मग आईवरून. तोवर मी कोल्हापुरीत उत्तरं देत होतो. मग त्याने मला पाडलं आणि उठताना मुद्दाम घोट्यावर पाय दिला. पंचांनी पाहिलं नाही. मी उठलो, त्याच्यासमोर उभा राहिलो, आणि तेवढ्यात रेषेवरून मिस्टरांची अशी आरोळी आली, की पंच थबकले. मिस्टरांनी खेळाडू बदलायला मागितला. बाहेर कोण? मी.

जिंकायला एक गोल हवा. संघात गोल करणारा एकच. आणि तो बाहेर.

माझ्या जागी गेलेल्या पोराला शेवटी एक पास असा आला, की समोर रिकामा गोल होता. त्याने चेंडू बारवरून माळावर घातला. मॅच बरोबरीत सुटली. आम्ही खाली गेलो. मोठ्या क्लबचा फोन मिस्टरांना आलाच नाही.

मी जर्सी काढून त्यांच्या पायाशी फेकली. "बस मागे घेतली म्हणून सूड उगवलात ना माझ्यावर? माझी मॅच खाल्लीत, स्वतःची नोकरी खाल्लीत, एका खुळचट समजुतीपायी!"

टरफलांच्या ढिगावर पडलेली जर्सी त्यांनी उचलली, झटकली, घडी केली. "नंतर बोलू," एवढंच म्हणाले. येताना मी बस चालवली आणि ते सगळ्यात मागे बसले. पुढच्या सोमवारपासून ते पुन्हा टाइल्स बसवत होते, आणि मी क्लबवर जाणं सोडलं.

पीआर आला. मी रेस्टॉरंट सोडलं, एक जुनी मिनीबस विकत घेतली आणि विद्यार्थ्यांना विमानतळावरून आणायचा धंदा सुरू केला. दर आठवड्याला नवी पोरं यायची, लोणच्याच्या बरण्या कपड्यांत गुंडाळून आणणारी. धंदा चालला. मिस्टरांचं नाव मी घेत नव्हतो, पण प्रश्न जात नव्हता. एवढा शहाणा माणूस, स्वतःच्या पोटावर पाय देऊन, एका बसपायी असं करेल? माझा हिशेब लागत नव्हता, आणि हिशेब न लागलेली गोष्ट मला झोपू देत नाही.

एक दिवस त्यांचाच फोन आला. गावाकडच्या त्यांच्या जुन्या क्लबने बोलावलं होतं. खाणी बंद पडलेल्या, क्लब तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, कोणी मॅनेजर व्हायला तयार नाही. "मी तयार आहे," मिस्टर म्हणाले. "विमानतळावर सोडशील? भाडं काय घेशील?"

"भाडं नको. एका प्रश्नाचं उत्तर द्या."

पलीकडे बी फुटल्याचा आवाज आला. "ठरलं. पण आधी पोचव. उत्तर विमानतळावर." बघा, मर्चंट मला म्हणायचे.

ते राहत होते तीही गल्ली पुढे बंदच होती. मी लवकर पोचलो आणि मोकळी बस मागे घेत आत नेली, तोंड रस्त्याकडे करून लावली. ते बॅग घेऊन बाहेर आले, बसकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"तू मानायला लागलास?"

"मी कशाला मानतो? तुम्ही मानता."

 विमानतळावर रांगेत उभं राहिल्यावर त्यांनी खिशातून पासपोर्ट काढला आणि माझ्या हातात ठेवला. कोपरे गोल झालेले.

"तरुण होतो तेव्हा," ते म्हणाले, "राजधानीच्या एका संघाशी मॅच होती. बड्या लोकांचा संघ. त्यांचा एक जण सगळी मॅच माझ्याशी बोलत होता. माझ्या वडिलांवरून, ते खाणीत दगावले त्यावरून. मी मारलं. एकदाच. त्यानंतर टीम परदेशी निघाली की सरकारकडून सगळ्यांचे पासपोर्ट यायचे, माझा येत नसे. कोणी कारण सांगितलं नाही. खेळायचं संपलं, सरकार पडलं, मग हा मिळाला. तेव्हा मी म्हातारा फुटबॉलपटू होतो."

मी पासपोर्ट उघडून पाहिला.

"त्या दिवशी तू उठलास आणि तुझा उजवा हात मागे गेला. जाळ्यांच्या दुकानात गेला होता त्याहून मागे. तुझी फाईल आत होती, मर्चंट. बसचं मी केव्हाच विसरलो होतो."

खरं सांगतो, मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण तोंडातून निघालं ते दुसरंच. "मी मारणार नव्हतो," मी म्हटलं. "गोल करणार होतो."

मिस्टर हसले. पासपोर्ट माझ्या हातातून घेतला, खिशात ठेवला, वर हात दाबून बघितला.

"मीपण मारणार नव्हतो," ते म्हणाले, आणि पुढे सरकले.

माझं मत मी अजून बदललेलं नाही. मी मारणार नव्हतो. तो गोल माझा होता आणि आम्ही टिकलो असतो. मंदार आता सिडनीला कॅसल हिलमध्ये मोठा साहेब आहे, आला की हा वाद होतो. तो म्हणतो, "अरे बाबा, मी गोलमधून बघत होतो, तुझी मूठ वळलेली होती." मी म्हणतो, गोलकीपरला लांबचं कधी दिसतं का?

माझं बसचं यार्ड आज टार्निटमध्येच आहे, त्या मातीच्या ढिगाऱ्यापासून फार लांब नाही. संध्याकाळी सगळ्या बस उलट्या आत घेऊन, तोंड रस्त्याकडे करून लावायच्या, असा माझा दंडक आहे. ड्रायव्हरांना वाटतं, मालक सेफ्टीच्या बाबतीत कडक आहे. वाटू दे.

गेल्या हिवाळ्यात मिस्टरांनी फोनवर एक फोटो पाठवला. त्यांचा हिवाळा, आमचा कडक उन्हाळा. बर्फाच्या रस्त्याकडेला सगळा संघ कुडकुडत उभा आहे, मागे एक जुनाट मोकळी बस वळतेय, आणि मिस्टर, केस पार गेलेले, छातीवर हात ठेवून तिच्याकडे बघतायत. खाली लिहिलं होतं, "हरलो. पण बसमुळे नाही."

मी लगेच लिहिलं, "तुमच्याकडे पुढे खेळायला माझ्यासारखा कोणी नाही, म्हणून हरता."

उत्तर यायला वेळ लागला. तिकडे ते बिया फोडत असणार.

"आहे एक," त्यांनी लिहिलं. "त्यालाही मी बाहेर काढतो."